बूड बसवलेलं ओगराळं

१ डिसेंबर १९८१, मंगळवार

शिनो,

तुझे बाबा शनिवारी सकाळी गेले. तार तुला मिळाली असणार, कारण ती तोमि आत्यांनी स्वतः पोस्टात उभं राहून करवली. माझ्यावर सोडली असती तर मी केलीच नसती, असं त्या चारचौघांत म्हणाल्या. काल सगळं आटोपलं. तू आली नाहीस. का आली नाहीस हे मी विचारत नाही, तेवढा अधिकार मला नाही. पण लोकांनी विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाने आधी तुला शोधलं आणि मग माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्या बघण्याची सवय झाली आहे, तरी काल जड गेलं.

त्यांना त्रास झाला नाही. सकाळी पेज घेतली, दुकानात जाऊन बसले, ओगराळ्यासाठी वाकवलेली देवदाराची पट्टी मांडीवर घेतली. मी चुलीवरचं भांडं उतरवून येते तोवर मान खाली गेली होती. मला वाटलं डुलकी लागली, म्हणून खांद्यावर पांघरूण घातलं आणि परत स्वयंपाकघरात गेले. शेवटपर्यंत काम करत होते. हात शेवटपर्यंत स्थिर होता. हे तुला सांगावंसं वाटलं.

देवाच्या फळीवर पांढरा कागद लावला आहे. आता पन्नास दिवस देवळाच्या कमानीखालून जायचं नाही. सोळा जानेवारीला पुरे होतात. तूही तिकडे कुठल्या देवळात जाऊ नकोस. तुझं-माझं काही असो, मुलगी त्यांचीच आहेस, सुतक तुलाही आहेच. बघ, बावीस वर्षांत आपल्या दोघींत सारखं असं हेच एक निघालं.

पत्राखाली काय लिहावं ते कळत नाही. तू अकरा वर्षांची असताना मी या घरात आले आणि पहिल्याच दिवशी तू मला 'अहो' म्हणालीस. 'अहो, भात वाढा.' आई म्हण, असं तुझ्या बाबांनी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. तेव्हा नुसतं नाव लिहिते.

फुसाए


१२ डिसेंबर

शिनो,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की मी काहीतरी काढून अंगण झाडायला लागते. आपलं अंगण सध्या गावात सगळ्यांत स्वच्छ आहे.

आज पुजारीणबाई आल्या होत्या. रित्सुकोबाई, तुला आठवत असतील, हसल्या की सोन्याचा दात दिसतो. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच टेकल्या आणि माझा मुळ्याचा मुरांबा चाखत राहिल्या. मुरांबा म्हणजे लोणचंच ते, पण तुझे बाबा त्याला मुरांबा म्हणून चिडवायचे, मी साखर जास्त घालते म्हणून. बाई चार फोडी खाऊन झाल्यावर म्हणाल्या,

"फुसाए, राग नको मानूस हं. यंदा हात धुवायच्या कुंडावरची ओगराळी आम्ही बाजारातून आणू म्हणतो."

"माझी बाराच्या बारा तयार आहेत. कागदात गुंडाळून ठेवली आहेत."

"अगं, चांगलीच असतील. पण घराला सुतक आहे ना. आमचे हे म्हणाले, सुतकाच्या घरची वस्तू नवीन वर्षाला देवापुढे कशी ठेवायची?"

"बाजारातली कसली आणणार? पत्र्याची?"

"प्लास्टिकची. खालच्या गावाच्या देवळात तीच घेतली आहेत. लांबून कळतही नाही."

"देव थोडाच लांबून बघतो," मी म्हटलं. त्या हसल्या, दात दिसला. त्यांचं काही चुकलं नाही. सुतक ते सुतक. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या कुंडावर आपल्या घरचं ओगराळं नसेल.

उठताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि बाळंतपणाची शिल्लक असतील ना गं काही? सुतक सुटल्यावर दे. उगवतीकडची सून सातव्यात आहे. पण तुझ्या यजमानांच्या, इसाकुसानांच्याच हातची दे हं. तुझा हात लागलेलं नको. मी नाही म्हणत, बायका म्हणतात."

हे तुला का लिहिते? तू हे काही बघायला थांबली नाहीस, पुढची नऊ वर्षं मी बघितली. पाणी अडू नये तसं लेकरू अडू नये म्हणून ज्याला बूडच ठेवत नाहीत, ते ओगराळं तुझ्यासाठी देवळात टांगलं गेलं बूड बसवून. आणि तुझं बाळ जन्मताना गेलं. तेव्हापासून या गावातली पोटुशी बाई मला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या बाजूने जाते. मी वाईट वाटून घेत नाही. मीच म्हटलं होतं ना, बूड मी बसवलं म्हणून.

थंडी फार आहे. तुला जाड मोजे होते की नाही कोण जाणे.

फुसाए


२० डिसेंबर

शिनो,

दुकान आवरायला घेतलं. आवरता आवरता लक्षात आलं की पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं आहे, आणि पुढचं काहीही लिहायचं तर ते आधी निस्तरायला हवं.

शेवटपर्यंत हात स्थिर होता, असं मी लिहिलं. नव्हता. हात नाही आणि डोकंही नाही. सात-आठ वर्षं ते मला ओळखत नव्हते. कधी 'ताई' म्हणायचे, कधी 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' म्हणून चहा पुढे करायचे. मी तो चहा पाहुणीसारखी बसून प्यायची. काय करणार? चांगले वागायचे हो माझ्याशी, बायको होते त्यापेक्षा पाहुणी म्हणून जास्त चांगले.

तुला मात्र विसरले नाहीत. रोज सकाळी विचारायचे, "शिनोला कितवा लागला?" मी कधी सातवा सांगायची, कधी आठवा. नववा कधी सांगितला नाही. मग ते म्हणायचे, "तिचं ओगराळं करायला हवं," आणि बसायचे. कधी महिन्याने, कधी दीड महिन्याने एक वाकडंतिकडं कडं पुरं व्हायचं, दांडा आत खुपसला जायचा. त्याला बूड नसायचं. तशी चौसष्ट ओगराळी मी आज दुकानातून काढली. काही माळ्यावर होती, काही तांदळाच्या पिंपामागे. शेवटचं त्यांच्या मांडीवर होतं ते.

मी एकदा, दोनदा मुद्दाम बूड कापून समोर ठेवलं. कुंडावरच्या ओगराळ्यांना लागतंच ना बूड. त्यांनी हात मागे घेतला, तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा. त्यानंतर त्यांनी बुडाला कधी हात लावला नाही. त्यांना काय आठवत होतं आणि काय नाही, देवालाच ठाऊक.

मग देवळात जायची ती कुणी केली? मी केली. सगळी, कुंडावरची आणि बाळंतपणाचीही. इसाकुसानांच्याच हातची हवीत म्हणणाऱ्या बायकांना मी माझ्या हातची दिली, आणि ते दुकानात दाराकडे पाठ करून बसलेले असायचे म्हणून कुणाला कळलं नाही. या नऊ वर्षांत गावात एकतीस पोरं झाली, सगळी धडधाकट. त्यांतलं प्रत्येक माझ्या डाव्या हाताच्या ओगराळ्यावर आलं. कधी कधी शाळा सुटते तेव्हा मी फाटकाशी उभी राहते आणि बघते. वरच्या आळीतल्या बाईने एकदा आपलं पोर ओढून पाठीमागे घेतलं. मला हसू आलं. घरी येऊन मग रडले.

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांचं डोकं गेलंय हे कळलं असतं तर देवळाचं काम गेलं असतं, आणि कामाशिवाय ते आठ दिवस जगले नसते.

फुसाए


२८ डिसेंबर

शिनो,

आज तोमि आत्या कोबी घेऊन आल्या. कोबी ठेवला आणि जाता जाता दारातून म्हणाल्या, "आणि हो, शिनो नाही आली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. आठवा चालू आहे तिला. डॉक्टरने पलंगावरून खाली पाय टेकू नको म्हणून बजावलंय."

माझ्या हातातला कोबी पडला. मी म्हटलं, "आत्या, हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"श्रावणापासून."

"आणि मला आज सांगता?"

"तुला कशाला सांगायचं? एकदा तोंड पोळलंय पोरीचं."

"माझ्याशी बोलू नका असं तिने सांगितलं होतं का?"

"तिने काही सांगितलं नाही. माझं मलाच कळतं," असं म्हणून त्या चपला घालून निघाल्यासुद्धा. त्यांचं वय ऐंशी, पण चिडल्या की पोरीसारख्या चालतात.

शिनो, पहिल्या पत्रात मी तुला टोचून बोलले. तू आली नाहीस, लोकांनी विचारलं, वगैरे. ते पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं. तू पडून होतीस आणि बाप गेल्याचं तारेतून वाचत होतीस, आणि मी लोक कसे बघतात याचं रडगाणं गात होते. चूक झाली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. जानेवारीच्या शेवटी तुझे दिवस भरतात. तुझं ओगराळं कोण टांगणार? तुझा नवरा तेइजी शहरातला, चांगला माणूस आहे म्हणतात, पण त्याला आपल्या डोंगरातल्या देवळाचं काय माहीत. तू सुतकात. मी सुतकात. आत्या सख्खी बहीण, त्याही बाहेर. आपल्या रक्ताचं, घराचं असं कुणी उरलंच नाही जे त्या कमानीखालून जाऊ शकेल. गावात कुणाला सांगावं तर तुझं नाव ऐकून लोक आधी जुनी गोष्ट उकरून काढतील.

आणि मला तू टांगू देणार नाहीस. ते बरोबरच आहे. तू जे समजून आहेस ते समजून असताना मीसुद्धा दिलं नसतं.

फुसाए


४ जानेवारी १९८२

शिनो,

नवीन वर्ष लागलं. सुतकाच्या घरी कुणी शुभेच्छांचं कार्ड पाठवत नाही. पोस्टमन शेजारी दोन्ही बाजूंना गठ्ठे देऊन गेला आणि मला लांबूनच मान लवून पुढे गेला. दारावर गवताची दोरी नाही, घरात तांदळाचे पेढे नाहीत. मी नेहमीसारखा भात केला आणि सवयीने दोन वाट्या मांडल्या.

तीन दिवस विचार केला. आता लिहिते. एकदाच लिहीन, मग तू मान किंवा मानू नकोस.

ते बूड मी बसवलं नव्हतं.

तुझं पोट दिसायला लागलं तेव्हा तुझ्या बाबांनी दुकानाचं दार लावून घेतलं. मला म्हणाले, "हे मी एकटा करणार. डावरीचा हात नको." डावरी म्हणजे मी, थट्टेत. त्यांनी वर्षभर वाळवलेली फळी काढली, सगळ्यांत सरळ रेघांची. तीन दिवस लागले. एरवी ते दिवसाला सहा करायचे. त्या वर्षी मला खुणा दिसायला लागल्या होत्या. चुलीवर पाणी ठेवून विसरायचे, एकदा आपल्याच गल्लीत रस्ता चुकले. पण तीन दिवस लागले ते मायेने, असं मी धरून चालले. ओगराळं त्यांनी स्वतः कागदात गुंडाळलं आणि स्वतः वर नेऊन टांगलं. मी ते बघितलंसुद्धा नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने चांगल्या ओगराळ्याला चांगलं बूड बसवलं त्यांनी. हात त्यांचा चालत होता, डोकं नव्हतं बरोबर.

मग तुझं बाळ गेलं. तू अंगात ताकद नसताना देवळात चढून गेलीस, ते फळीवरून काढलंस आणि हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिलीस. "याला बूड कोणी बसवलं?" असं विचारलंस. आठवतं ना तुला? त्यांनी ते ओगराळं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं तसं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, शिनो. मी म्हटलं, "मी बसवलं. कुंडावरचं समजून." ते तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना कळलं असतं तर ते त्याच दिवशी मेले असते. आणि तुला कळलं असतं तर बाळापाठोपाठ तुझा बापही गेला असता. मी काय, मी तर बाहेरूनच आलेली. मला वाटलं, महिनाभर चिडेल आणि मग येईल.

तू संध्याकाळच्या बसने गेलीस. ओगराळं पुलावरून नदीत टाकलंस असं आत्या म्हणाल्या. तेवढा एक पुरावा होता. ते असतं तर मी तुला म्हटलं असतं, खुंट्या बघ. कड्याच्या सांध्याची शिवण सगळ्यांची सारखीच असते, साचा बघून घातलेली, पण बुडाच्या बांबूच्या खुंट्या ज्याच्या त्याच्या हाताने जातात. त्यांच्या डावीकडे कलतात, माझ्या डाव्या हाताच्या उजवीकडे. आंधळ्यालाही बोट फिरवून कळेल. पण ते तर नदीत गेलं.

हे मी मोठेपणा मिळावा म्हणून लिहीत नाही. मोठेपणा नऊ वर्षं केला, आता तो मला झेपत नाही. घरात बोलायला भिंती आहेत, आणि भिंतींनाही मी खोटंच सांगत आले. मला सुटायचं आहे, शिनो, एवढंच. आणि त्यासाठी मी मेलेल्या माणसाचं नाव घेते आहे, जो माझ्याच घरात, माझ्याच हातची पेज पिऊन गेला. त्याची लाज वाटते. तरी हे पत्र टाकणार आहे.

फुसाए


१४ जानेवारी

शिनो,

काल दुपारी पार्सल आलं. पोस्टमन म्हणाला, "फुसाएसान, आज अंगण झाडायचं कारण आलं बघा." मेल्याला सगळं माहीत होतं.

कागद सोडला आणि तुझं ओगराळं हातात आलं. आधी मला ते ओळखूच आलं नाही, इतकं सुंदर होतं. मग दांड्यावर त्यांच्या हातचं 'शिनो, वय चोवीस' वाचलं आणि खाली बसले. नदीत गेलं नव्हतं तर. बोट फिरवलं. सात खुंट्या, सातही डावीकडे कललेल्या.

मग तुझी चिठ्ठी वाचली. ती मी आता इतक्यांदा वाचली आहे की इथे उतरवून काढू शकते. 'अहो, तुमची पाचही पत्रं मिळाली. ओगराळं मी टाकलं नव्हतं. पुलावर उभी राहिले, पण टाकवलं नाही. खुंट्या बाबांच्या आहेत हे मला त्याच दिवशी देवळात कळलं होतं, फळीवरून काढतानाच. खुंटी ओळखायला त्यांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. घरी येऊन विचारलं ते त्यांनी सांगावं म्हणून. ते बोलले नाहीत, तुम्ही बोललात. मग तुमचंच खरं धरणं मला सोपं गेलं. ते आजारी होते हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला उठायची परवानगी नाही. सुतक सुटलं की हे माझ्यासाठी टांगा. बूड काढून टाका. मी प्रयत्न केला, पण बाबांची एकही खुंटी माझ्याने निघेना. शिनो.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने. शेजारीण कुंपणावरून डोकावली तरी थांबले नाही. नऊ वर्षं! नऊ वर्षं मी या गावात खाली मान घालून चालले, पोटुश्या बायकांना वाट मोकळी करून दिली, दुसऱ्याच्या नावाने ओगराळी केली, आणि तुला माहीत होतं! एका ओळीचं कार्ड टाकायला काय झालं होतं? 'अहो, मला माहीत आहे.' एवढंच. चार शब्द. तुझी चिठ्ठी मी चुरगळली, मग सरळ केली, मग परत चुरगळली. ओगराळं कोपऱ्यात उभं करून त्याच्याकडे पाठ फिरवून जेवले.

आज सकाळी राग उतरला नव्हता, पण बसला होता खाली, गाळासारखा. आणि मग मला दिसलं. त्या दारात उभं राहून तुला दोघांपैकी एकाला सोडावं लागणार होतं. तू मला सोडलंस. आणि मी? मीही त्याच दारात उभी होते. मीही त्यांना धरलं आणि तुला सोडलं. तू पुलावर असताना मी तुझ्यामागे धावू शकले असते, बस सुटायला तासभर होता. मी त्यांना चहा करून देत बसले. मग तुला एकटीला कशाला शिव्या द्यायच्या?

पण शिनो, वाईट वाटायचं ते वाटलंच. तेही लिहून ठेवते.

तुझं 'अहो' वाचून बरं वाटलं. दुसरं काही लिहिलं असतंस तर ते कुणाला उद्देशून आहे ते मला कळलं नसतं.

फुसाए


१७ जानेवारी, रविवार

शिनो,

टांगलं. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

परवा वर जुन्या वस्तूंची होळी झाली. वर्षभरातले नवसाचे फलक, ताईत, ओगराळी, सगळं जाळतात तेव्हा मी सुतकामुळे कमानीच्या खालच्या पायरीवर उभी होते. धूर खाली येत होता. माझी किती ओगराळी त्यात जळाली ते मलाच ठाऊक, ज्यांच्यासाठी टांगली त्यांना नाही.

काल दिवस पुरे झाले. देवाच्या फळीवरचा कागद काढला आणि मग बूड काढायला बसले. तासभर कोमट पाण्यात ठेवून एकेक खुंटी उपसली. सोपं नव्हतं. डोकं फिरलेला माणूस खुंट्या इतक्या नीट मारतो का गं? पाचव्या खुंटीला माझ्याही डोळ्यांतून पाणी निघालं. बूड निघालं तेव्हा आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथेही त्यांनी घासून गुळगुळीत केलेलं होतं.

दांड्यावरचं 'वय चोवीस' खरवडायला घेतलं, पण नाही केलं. त्याखाली मी 'तेहतीस' लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं आहे, डावरीचं, तुला हसू येईल.

आज सकाळी पन्नास दिवसांनी कमानीखालून गेले. कुंडावर पिवळी प्लास्टिकची ओगराळी आहेत. हात धुतले. पाणी तेच आहे. फळीपाशी पोचते तोच रित्सुकोबाई झाडू घेऊन आल्या. ओगराळं हातात घेऊन त्यांनी कौतुकाने फिरवलं आणि थांबल्या.

"फुसाए, याला कडेने भोकं कशी गं?"

"बूड होतं याला."

त्यांनी दांड्यावरचं नाव वाचलं. ओगराळं माझ्या हातात परत दिलं, घाईने. "म्हणजे हे ते?"

"तेच."

"अगं, मग हे कसं टांगायचं? ज्यात तू..."

सातही खुंट्या माझ्या एप्रनच्या खिशात होत्या. बाई सुताराच्या घरच्या आहेत. हातावर ठेवल्या असत्या तर त्यांना एका क्षणात कळलं असतं, आणि दुपारपर्यंत गावाला. एकतीस पोरांची गोष्टही सांगता आली असती. सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, शिनो, खोटं कशाला सांगू. खिशात हात घातला, खुंट्या मुठीत धरल्या. मग मला वाटलं, जिला कळायला हवं होतं तिला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. आता उरलेल्यांना सांगून मला काय मिळणार? आणि तुझ्या बाबांना तर काहीच मिळणार नाही.

मी म्हटलं, "बाई, आता बूड नाही. आणि टांगायला शिनोनेच सांगितलंय."

"शिनोने? तुला?"

"मला."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि फळीवरची मधली खुंटी मोकळी करून दिली. म्हणाल्या, "इथे टांग. इथे ऊन येतं."

दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या. काय मागायचं ते पायऱ्या चढताना पाठ केलं होतं, ते विसरले. नुसतं तुझं नाव घेतलं. शेवटी एकदा वाकून खाली आले. घरी कुणी नव्हतं, दुकानही रिकामं आहे, चौसष्ट ओगराळी मी दोऱ्यात ओवून ठेवली आहेत. ती जाळणार नाही.

बाळ झालं की लोक ओगराळं तिथेच सोडतात आणि पुढच्या जानेवारीत ते होळीत जातं. तुझं जाऊ द्यायचं नाही, असं मी बाईंना बजावलं आहे. तुझी तार आली की मी वर जाऊन ते उतरवेन. बूड घरातल्या देवाच्या फळीवर ठेवलं आहे, ते परत बसवेन. पोर मोठं झालं की त्याला पाणी प्यायला काहीतरी हवंच. तुझ्या बाबांची भोकं डावीकडे कललेली आहेत, माझ्या खुंट्या त्यांत बसायच्या नाहीत. शेजारी नवी सात पाडावी लागतील. दिसायला जरा विचित्र दिसेल, पण गळणार नाही, तेवढं मी बघीन.

न्यायला तूच ये. पोराला घेऊन ये. आणि नाही जमलं, तर पार्सल करीन.

फुसाए